एक विकला, एक घेतला

१

भिंगरी दुपारी झोपली की सगळं घर चवड्यांवर चालायचं. नळसुद्धा जपून ठिबकायचा. अशा त्या शांततेत कोपऱ्यातल्या प्रिंटरने खाकरून घसा साफ केला.

"मेल्या, गप!" भिंगरीची आई दबक्या आवाजात त्याच्यावर ओरडली आणि आतल्या खोलीकडे बघत राहिली. पाच वर्षांच्या भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात गेला, श्वास पुन्हा लयीत आला. सुटले बाई.

पोरीच्या झोपेतून चोरलेल्या या वेळातच तिच्या आईचा धंदा चालायचा. ती लोकांची आयकराची रिटर्नं भरून द्यायची. जेवणाच्या टेबलाचं एक टोक म्हणजे तिचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला भिंगरीचे खडू. आज तिने घरचंच काम काढलं होतं. तिचे सासरे, आप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले, चार गल्ल्या पलीकडे हट्टाने एकटे राहणारे. त्यांचं रिटर्न म्हणजे तिच्या डाव्या हाताचा मळ. पेन्शन, बँकेचं व्याज आणि मूठभर शेअर, तेही घेतल्यापासून झाकून ठेवलेले. चहा निवायच्या आत काम संपायचं.

यंदा मात्र ब्रोकरकडून शेअरविक्रीचा उतारा आला होता. असेल एखादी ओळ, म्हणून तिने तो छापायला लावला, तर प्रिंटर थांबायचं नाव घेईना. पानावर पान. ट्रे भरला, पानं जमिनीवर घसरली, तरी त्याचं आपलं चालूच.

तिने पहिलं पान उचललं. तारा बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर. विकला: एक. दुसऱ्या दिवशी तोच शेअर. विकला: एक. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, वर्षभर, बाजार उघडा असेल त्या प्रत्येक दिवशी, सकाळी उघडल्याबरोबर, एक.

"हे काय दळण दळलंय?" ती पुटपुटली.

रिटर्नमध्ये प्रत्येक विक्री दाखवावी लागते. कधी घेतला, कितीला, कधी विकला, किती आले. विक्रीच्या नोंदी फार असल्या तर एकूण बेरीज लिहून सोबत उतारा जोडायची सोय आहे. पण खाली सही करायची तर विकणारा कोण हे तरी ठाऊक हवं. तिने आप्पांना फोन लावला.

"आप्पा, यंदा शेअर विकलेत का तुम्ही?"

 आप्पा म्हणाले, "माझा एकही शेअर कमी झालेला नाही, सूनबाई. बघ हवं तर." आणि फोन बंद.

तिने वर्षअखेरची शिल्लक काढली. वर्षाच्या सुरुवातीला होते तेवढेच शेअर वर्षाच्या शेवटी होते. मग तिने खरेदीची पानं शोधली आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. ज्या दिवशी एक विकला होता, त्याच दिवशी, काही वेळाने, एक परत घेतलेला होता.

२

"चोरी," नवरा म्हणाला. तो जनावरांचा डॉक्टर. दवाखान्यातून आला की शर्टावर चार जातींचे केस असायचे. भिंगरी ते वेचत त्याच्या मांडीवर बसली होती. "कुणाच्यातरी हातात आप्पांचा पासवर्ड गेलाय."

"हा कसला चोर? सकाळी नेतो आणि दुपारच्या आत परत आणून ठेवतो."

"मग दुसरं काय?" त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "आप्पा विसरायला लागलेत का गं? विकतात, विसरतात, परत घेतात?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला थट्टा सुचेना. बाप थकतोय ही भीती त्याच्या मनात वर्षभर घर करून होती, आता तिला कागद मिळाला होता.

"सोमवारी सकाळी, बाजार उघडायच्या आधी, मी आप्पांना ब्रोकरकडे नेतो. खातं बंद. आणि त्यांना इकडे आणायचं. एकटं ठेवायचं नाही आता."

"ते येणार नाहीत. त्या घरातून हलायचं म्हटलं की त्यांना ताप भरतो."

"मग काय करू? लुबाडू देऊ? हरवू देऊ?"

"सोमवारपर्यंत थांब. मी शोधते."

"तू? रिटर्नं भरणारी?"

"हो. तू गायीच्या पोटात हात घालून वासरू शोधतोस, मी कागदात शोधते."

तो हसला, पण मान काही हलवली नाही. सोमवार ठरला तो ठरला.

शनिवारी सकाळी तिने ब्रोकरला गाठलं. तो जुन्या ओळखीतला, घोगऱ्या आवाजाचा, सदा सर्दी झाल्यासारखा.

"वहिनी, मी विकतो असं वाटतं तुम्हाला? अहो, एका शेअरच्या दलालीत मला चहासुद्धा सुटत नाही. लुबाडायचंच असतं तर जरा पोट भरेल असं लुबाडलं असतं की!"

"मग विकतं कोण?"

"आप्पाच, त्यांच्या फोनवरून. मी एकदा म्हटलं, आप्पा, हा काय पोरखेळ? तर म्हणाले, तू तुझा रूळ सांभाळ."

"आणि परत घेतंही तेच?"

त्याने घोगरा आवाज आणखी खाली आणला. "ते मी सांगायचं नाही अशी आप्पांची ताकीद आहे. पण तुम्ही घरच्या, म्हणून एवढंच सांगतो. खरेदी आप्पांच्या फोनवरून होत नाही."

म्हणजे त्या खात्यावर दोन हात होते. आणि दुसरा हात कुणाचा, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं.

३

आप्पांच्या घरी शिरलं की आधी तेलाचा आणि पितळेचा वास यायचा. आयुष्यभर ते रेल्वेच्या सिग्नल केबिनीत होते. निवृत्त होताना मित्रांनी तिथली जुनी घंटा भेट दिली होती. बाहेरच्या खोलीत, टेबलावर, ती रोज पुसून लख्ख ठेवलेली असायची.

भिंगरी धावत गेली आणि बोटाने घंटेवर एक टोला दिला. टण्ण.

आप्पांनी खुर्चीच्या हातावर चष्म्याची डबी एकदा आपटली. टक्.

"आता सांगा ना, आजोबा! परत सांगा!"

"शंभरदा सांगितलंय." तरी त्यांनी सांगितलं. "माझी केबिन इथे, दुसरी पार डोंगरापलीकडे. दिसायचं काही नाही, मध्ये नुसती तार. सकाळी कामावर आलं की पहिलं काम काय? एक टोला द्यायचा. म्हणजे, आहेस का? तिकडून एक टोला परत आला की समजायचं, आहे. मग दिवस सुरू."

"आणि नाही आला तर?"

"तर माणूस पाठवायचा, बघून ये म्हणून."

"आणि दोन टोले?"

"दोन म्हणजे, गाडी सोडू का? तिकडून दोन आले, तर सोड. रस्ता मोकळा आहे." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. शनिवार होता. आज त्यांच्या कपाळावरची आठी काही केल्या उतरत नव्हती.

भिंतीवर एक फोटो होता. केबिनीच्या जिन्यावर बसलेली, दोन वेण्यांची मुलगी, मांडीवर जेवणाचा डबा. "ही आत्या ना?" भिंगरीने विचारलं. आप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आत्या म्हणजे भिंगरीच्या बाबांची थोरली बहीण. शिकून परदेशी गेली आणि तिकडेच राहिली. तिची आई शेवटच्या आजारात होती तेव्हा येतेय येतेय म्हणता तिला उशीर झाला. त्या दु:खात आप्पा बोलून गेले, माझ्याशी बोलू नकोस. तीही त्यांचीच लेक. म्हणाली, तुम्ही बोला म्हणेपर्यंत नाही बोलणार. दोघांनीही शब्द पाळला होता. भिंगरीने आत्याला पाहिलेलंच नव्हतं.

स्वयंपाकघरात सोबतीच्या मावशी भांडी पुसत होत्या. दिवसभर आप्पांजवळ असायला म्हणून त्यांना ठेवलं होतं. शेअरचं नाव काढताच त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"ताई, माझ्यावर संशय आहे का?"

"असता तर तुमच्या हातचा चहा प्यायले असते का? फक्त सांगा, सकाळी काय होतं?"

"मी दहाला येते. तेव्हा ते फोन मांडीवर घेऊन बसलेले असतात, बाळ झोपवल्यासारखा. हात लावू देत नाहीत. नाश्ता वाढू का विचारलं की, थांबा. थांबा म्हणजे थांबा. मग कधीतरी तो फोन टिंग वाजतो. त्यानंतर चेहरा बघा त्यांचा! मावशी, वाढा आता, म्हणतात."

"रोज?"

"शनिवार-रविवार सोडून. त्या दोन दिवशी घास गोड लागत नाही त्यांना. उन्हाळ्यात बरं असतं, टिंग लवकर वाजतं. थंडीत मात्र नाश्ता पार जेवणाला जाऊन टेकतो."

बाजार सव्वानऊला उघडतो, आप्पा विकायचे ते मावशी यायच्या आधी. म्हणजे मावशी सुटल्या. भिंगरीच्या आईने पर्समधून घडी केलेला कागद काढला. बाजार उघडा असूनही विक्री झाली नव्हती असे मोजून तीन दिवस तिला सापडले होते. तिने पहिला दिवस सांगितला.

"तो होय, ताप चढला होता तो. मी येऊन बघते तर अंथरुणातून उठवेना. तासभर कपाळावर पट्ट्या ठेवून तुम्हाला फोन करायला वळतेय, तर कोपऱ्यावरचा औषधवाला दारात. आप्पा बरे आहेत ना, म्हणतो. मी तर कुणालाच कळवलं नव्हतं."

"आणि हा दुसरा?"

"मी सुट्टीवर होते. न्हाणीघरात पाय घसरला होता त्यांचा. औषधवाल्यानेच शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन दार उघडलं. देवासारखा धावला."

"आणि तिसरा?"

मावशींना हसू फुटलं. "त्या दिवशी तर आप्पा ठणठणीत! नुसता फोन बिघडला होता, म्हणून येरझारा घालत होते. तरी औषधवाला धापा टाकत हजर. आप्पांना धडधाकट बघून बिचारा खुर्चीतच बसला. सहज आलो होतो, म्हणाला. पायांत दोन वेगळ्या चपला!"

ती बाहेर आली, आप्पांसमोर बसली. "आप्पा, ही सगळी विक्री मला रिटर्नमध्ये दाखवावी लागणार."

"मग दाखव."

"पण कारण काय?"

"कारणाचा रकाना आहे का तुझ्या फॉर्मात?"

"नाही."

"मग?"

तिने कागदाची घडी पर्समध्ये टाकली. भिंगरीला घेऊन निघाली, तेव्हा आप्पा दारापर्यंत आले. आवाज नेहमीचा नव्हता.

"सोमवारचं मला कळलंय. पोरी, मला हलवायचं तर हलवा. या घराला कुलूप घाला. पण ते खातं बंद करू नका."

४

औषधाच्या दुकानात काचेवर पुसट झालेली जाहिरात आणि आत गोल चेहऱ्याचा दुकानदार. भिंगरीला त्याने नेहमीप्रमाणे गोड गोळी दिली.

"तुम्ही आप्पांकडे वर्षात तीनदा सहज गेलात," ती म्हणाली. "तिन्ही वेळा कसं काय नेमकं सहज?"

त्याचे कान लाल झाले. "वहिनी, खोकल्याचं काही हवंय का?"

"नकोय."

"मग मला खोटं बोलायला लावू नका. शब्द दिलाय मी." तो उगाचच बाटल्या सरळ करू लागला.

रविवारी दुपारी भिंगरी झोपली. आईने सगळी पानं जमिनीवर पसरली आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसली. उद्या सकाळी नवरा आप्पांना घेऊन जाणार होता. दुसरा हात सापडला नाही तर एका म्हाताऱ्या माणसाची जगण्यातली कुठलीशी गोष्ट, जी तो नावानेही सांगत नव्हता, ती कायमची तुटणार होती.

विक्रीच्या वेळा सरळ होत्या. बाजार उघडला की लगेच. खरेदीच्या वेळा तिने आजवर नीट पाहिल्याच नव्हत्या, कारण रिटर्नला दिवस लागतो, वेळ लागत नाही. आता मावशींचा नाश्ता तिच्या डोक्यात घोळत होता. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा.

तिने थंडीचं पान घेतलं. खरेदी साडेअकराच्या मागेपुढे. उन्हाळ्याचं घेतलं. साडेदहा. दिवस मोठा होतो तसा माणूस लवकर उठत असेल, तिला वाटलं. तसं असेल तर वेळ हळूहळू सरकायला हवी, उन्हासारखी, रोज थोडी थोडी.

ती ओळीवरून बोट फिरवत गेली. साडेअकरा, साडेअकरा, साडेअकरा. शुक्रवार, साडेअकरा. सोमवार, साडेदहा.

बोट थांबलं.

पावसाळा संपल्यानंतरची पानं तिने जवळजवळ फाडतच ओढली. तिथेही तेच. शुक्रवारी साडेदहा, मध्ये एक रविवार, सोमवारी साडेअकरा.

सूर्य असा उडी मारून सरकत नाही. उडी मारतं ते फक्त घड्याळ. आणि इथे तर कुणी आपली घड्याळं पुढेमागे करत नाही.

"बाई गं," ती पानांना म्हणाली.

आत भिंगरी जागी झाली होती. "आई, कुणाशी बोलतेस?"

"तुझ्या आत्याशी," ती म्हणाली आणि चपला शोधायला उठली.

५

संध्याकाळी आप्पांच्या बाहेरच्या खोलीत सगळे बसले. नवरा दाराजवळ, हातात ब्रोकरकडे न्यायचे कागद. आप्पा खुर्चीत, पाठ ताठ. भिंगरी टेबलाखाली.

"एकेक करून सांगते," ती म्हणाली. "चोर असता तर विकून पळाला असता, परत आणून ठेवलं नसतं. ब्रोकरला यात चहासुद्धा सुटत नाही. मावशी येतात त्याच्या आधी विक्री झालेली असते."

"म्हणजे आप्पाच विकतात आणि विसरतात," नवरा म्हणाला. "मी तेच म्हणत होतो."

"विसरणारा माणूस वर्षभर एकदाही न चुकता, ठरल्या वेळी, ठरलेला एकच शेअर विकेल? अरे, एवढी शिस्त तुझ्या-माझ्यात नाही. आणि परत घेतात ते आप्पा नव्हेतच. घेणारं माणूस सकाळी उठलं की घेतं. त्याची सकाळ आपल्याकडे साडेअकराला होते. पण उन्हाळा आला की एका रविवारी त्याच्या देशातली घड्याळं तासभर पुढे होतात आणि सोमवारी ते आपल्या हिशेबाने तासभर लवकर उठतं. असा देश, जिथे आपलं माणूस आहे."

नवऱ्याच्या हातातले कागद खाली आले. "ताई?"

"खातं उघडून कुणी दिलं होतं आप्पांना?"

"ताईनेच. दोघांच्या नावावर. पण भांडणानंतर आप्पा म्हणाले होते, नाव काढलं."

"काढलं होतं का, आप्पा?"

आप्पा घंटेकडे बघत होते. "फॉर्म आणला होता," ते म्हणाले. "भरायचा राहिला."

"आता ते तीन दिवस," ती हळूच म्हणाली. "टोला गेला नाही ते. ताप, पाय घसरला तो दिवस आणि फोन बिघडला तो. तिन्ही वेळा औषधवाला धावत आला. तो शाळेत ताईंच्या वर्गातला, त्याला निरोप तिकडूनच यायचा, हो ना? केबिनीचा नियम आप्पांनी कालच सांगितला होता, मीच बहिरी. सकाळी एक टोला, आहेस का? परत एक टोला, आहे. आणि टोला आला नाही तर..."

"माणूस पाठवायचा!" टेबलाखालून भिंगरी ओरडली.

 मग आप्पांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

"पहिल्यांदा हात चुकला होता," ते म्हणाले. "भाव बघायला गेलो आणि विकायचं बटण दाबलं गेलं. एकच गेला. म्हटलं, जाऊ दे. नाश्त्याला बसतो तर फोन वाजला. बघतो, तर गेलेला शेअर परत जागेवर. मला वाटलं बाजारवाल्यांची चूक. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक विकला. परत आला. तिसऱ्या दिवशी परत." त्यांचा आवाज बारीक झाला. "लहानपणी केबिनीत डबा घेऊन यायची. मी जेवायचो तेवढा वेळ घंटेचं उत्तर तीच द्यायची. एकदासुद्धा चुकली नाही."

"आप्पा, मग फोन का नाही केलात?" नवऱ्याने विचारलं.

"बोलू नकोस म्हटलं होतं ना मी. शब्द गेला होता तोंडातून." त्यांनी मान वर केली, जुना ताठा परत आला. "पण घंटा वाजवू नकोस असं कुठं म्हटलं होतं?"

भिंगरीची आई हसता हसता डोळे पुसू लागली. नवऱ्याला म्हणाली, "मुक्या जनावरांचं दुखणं बरं ओळखतोस. बोलत्या बापाचं ओळखता येईना!"

तो उठला, कागदांची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती घंटेखाली सरकवून ठेवली. मग गुडघ्यांवर बसून आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "खातं राहू दे. घरही राहू दे. पण आप्पा, मलाही कधीतरी एखादा टोला देत जा."

६

सोमवारी बाजार उघडायच्या आधीच सगळे हजर होते. मावशीही लवकर आल्या होत्या. कामाचं निमित्त सांगून त्या दारातच रेंगाळल्या. आप्पांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता.

त्यांनी अंगठा फोनवर नेला. तारांच्या कंपनीचा शेअर. विकायचे: एक.

अंगठा तिथेच थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "सूनबाई, तुझ्या रिटर्नात आणखी एकाची भर पडली तर चालेल का?"

"पडू दे, आप्पा. यंदाचं वर्ष नवं आहे. पुढच्या रिटर्नात बघू."

आप्पांनी एक पुसलं आणि दोन लिहिलं.

भिंगरीने तोंडावर हात ठेवला. "गाडी सोडू का?" ती कुजबुजली.

दोन टोले गेले. आता साडेदहापर्यंत वाट बघायची. मावशींनी पाणी आणलं. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे, मग परत घड्याळाकडे. आप्पा डोळे मिटून बसले होते, कान मात्र फोनवर.

पाणी प्यायच्या आत टिंग वाजलं.

"इतक्यात कसं?" नवरा म्हणाला. "तिकडे अजून धड उजाडलंही नसेल!"

"विकल्याचं टिंग तिच्याही उशाशी वाजत असेल ना," भिंगरीची आई म्हणाली. "रोजच्या एकाला ती कूस बदलत असेल, आज दोन बघून झोप उडाली." तिने आप्पांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. घेतले: दोन.

आप्पा ते दोन नुसतं बघत राहिले. बघता बघता तो फोन त्यांच्या हातात थरथरला आणि वाजू लागला. शेअरचा टिंग नव्हता तो. नुसती रिंग, साधी, माणसाने माणसाला केलेल्या फोनची.

"उचला, आप्पा."

त्यांनी उचलला. तोंड उघडलं, मिटलं.  शेवटी ते जेमतेम ऐकू येईल असं रागावले. "एवढ्या पहाटे उठलीस? डोकं दुखेल ना."

पलीकडचं कुणाला ऐकू आलं नाही. आप्पा मात्र हलकेच भिंतीकडे वळले, फोटोकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांची पाठ हसत होती की रडत होती ते कळेना. मावशी नाश्ता वाढायला म्हणून आत पळाल्या आणि तिथेच नाक शिंकरत बसल्या.

दुपारी भिंगरीच्या आईने रिटर्न उघडलं. बेरीज लिहून उतारा जोडला असता तर चुटकीसरशी झालं असतं. पण एवढ्या सकाळींची एकच बेरीज करायला तिचा हात धजेना. ती एकेक ओळ भरत बसली. विकला एक. विकला एक. सगळं मिळून नफा एवढा की भिंगरीच्या बुटांच्या नाड्याही आल्या नसत्या.

आज भिंगरी झोपलीच नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती दोन केबिनी काढत होती, मध्ये डोंगर, डोंगरावरून एक लांबच लांब तार. एका खिडकीत वेण्यांची मुलगी, दुसऱ्या खिडकीत चष्मा. काढता काढता तिचा खडू थांबला.

"आई."

"हं?"

"मी मोठी होऊन लांब गेले, आणि आपली दोघींची कट्टी झाली, तर पहिला टोला कुणी द्यायचा?"